वाळूतली मुडदुशी

२५ ऑगस्ट, सोमवार

परत आला म्हणे. पहाटे. उंबऱ्यात उभा, अंगावरून पाणी निथळतंय, पायाला वाळू चिकटलेली. आत्यांनी "आत ये की रं" म्हटलं तर येईना. "आई, भूक लागलीया," एवढंच म्हणाला आणि गेला.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मुलाचं स्वप्न पडतं. मला नवऱ्याचं पडत नाही — हे गावाला कळलं तर काय म्हणतील! इंद्रजित. तोंडाने नाव घेत नाही, इथे लिहिते. वहीपुढे कसली लाज.

सात वर्षं आत्या एकच म्हणत आल्या. "माझा ल्योक हाय. कुटं का असंना, हाय." कोकणातून मासळी भरून यायचे ते. एक दिवस खाडीच्या पुलावर गाडी नुसती उभी सापडली. दार उघडं, फोन सीटवर, पेट्यांतला बर्फ वितळून रस्त्यावर ओघळ. खाली खाडी दुथडी भरलेली. पोलीस म्हणाले वाहून गेला, गाव म्हणालं वाहून गेला. आत्यांनी ऐकलं नाही. माझी एक बांगडी कुणाला फोडू दिली नाही. आणि आज चुलीपुढे बसून मलाच म्हणतात, "सोनम, त्यो गेलाय गं. गेलाय आन उपाशी हाय."

मी पीठ मळत राहिले. उंबऱ्यापाशी जाऊन बघून आले. कोरडा होता. आमच्या खटावात पाणी प्यायला मिळायची मारामार, निथळणार कुठून.

२७ ऑगस्ट, बुधवार

गावात गणपती आले. आमच्याकडे बसवत नाहीत. सुतक ना धरलेलं, ना सुटलेलं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज भावकी जमली. चहा तीनदा टाकला.

विषय भाऊसोच्या लग्नाचा निघाला. धाकटा दीर माझा, तिशी ओलांडली. मुलीकडचे विचारतात, पत्रिकेत थोरल्याचं नाव कुठे घालायचं? 'कैलासवासी' लावायचं की निमंत्रकांत छापायचं? दोन स्थळं ह्याच प्रश्नावर मोडली. हसू येतं, पण खरं आहे. माणूस कागदावर कुठे बसवायचा तेच ठरेना, तर लग्न कसं ठरणार.

मग वडूजच्या भटजींनी सांगितलं ते चुलत सासऱ्यांनी बोलून दाखवलं. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा. नारळाचं डोकं. त्याला अग्नी द्यायचा. पितृपक्षात केलं तर चांगलं.

मला वाटलं, आत्या उठून सगळ्यांना हाकलतील. मागच्या खेपेला पायतान उचललं होतं. पण आज म्हणाल्या, "करा. पर नीट करा. उपाशी ऱ्हायला नगं."

मला विचारलं कुणी? विचारलं. चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई, तुजं काय म्हननं?" मी म्हटलं, आत्या म्हणतील तसं. सात वर्षं हेच उत्तर देतेय. माझा भाऊ कृष्णात दरसाल सांगतो, पलूसला ये, माहेरी राहा, अंगणवाडीचं काम काय तिथंही मिळेल. त्यालाही हेच उत्तर. कधी कधी माझाच मला राग येतो. पण आत्यांना सोडून कुठे जाऊ? त्यांनी मला सुनेसारखं वागवलंच नाही कधी.

सगळे गेल्यावर घरात तळलेल्या मासळीचा वास आला. चूल विझलेली होती. आत्यांना विचारलं नाही. त्यांनी 'व्हय' म्हटलं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

पान काय मांडायचं, त्यावर आज दिवसभर.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सावडतात. राख गोळा करायची, तिथेच गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं मांडायचं आणि लांब जाऊन बसायचं. कावळा शिवला की माणूस सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकानं पुढे होऊन कबूल करायचं — तुझं हे मी करीन, ते मी बघीन.

मटण, शेंगदाण्याची चटणी, तंबाखूची पुडी, सगळं ठरलं. आत्या म्हणाल्या, "आन त्यो मासा."

तो मासा! कधीमधी आणायचे. सगळ्या मासळीतला त्यांचा स्वतःचा. विकायचा नाही, वाटायचा नाही. स्वतः बसून खायचे, एक आईला द्यायचे. पण नाव काय त्याचं? आम्हाला कुणालाच माहीत नाही. घरात वाळूमासा म्हणायचो, पोट फाडलं की वाळू निघायची म्हणून. भाऊसो म्हणाला, "बांगडा आणू की. मासा त्यो मासा." आत्यांनी असं बघितलं की तो गोठ्यात गेला.

आठवून लिहिते. वीतभर लांब. बोटापेक्षा थोडा जाड, गोल अंगाचा. तोंड निमुळतं, खाली झुकलेलं, ओठ नाजूक. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, मधून चंदेरी पट्टा. पाठीवर दोन पर, पुढचा उंच. खवलं बारीक, नखाला लागायची. चित्र काढून बघितलं. दोडका झाला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पलूसला जाऊन आले. आत्यांनीच पाठवलं, "तुज्या भावाला नदीचं समदं म्हाईत असतंय."

कृष्णातच्या घरात गणपती, आणि मी माशाची चौकशी करत दारात. वहिनीनं कपाळाला हात लावला. कृष्णात बाहेर घेऊन गेला. माझा दोडका बघितला आणि छातीठोक म्हणाला, "समुद्राचा न्हवंच ह्यो. समुद्राचा मासा एवढा हाय व्हय! त्येचं तुकडं करून इकत्यात. ह्यो आपल्या कृष्णेतला. भावजींनी वाटंत नदीवर घेतला असणार."

मलाही पटलं. आम्हाला समुद्र दिसतो तो बाजारात, पेटीतून. सुरमईच्या चकत्या आणि सुकं बोंबील. त्यापलीकडे समुद्रात काय काय असतं कोण बघायला गेलंय.

घाटावर जाळं वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं. "मिशा हुत्या?" नव्हत्या. "बुळबुळीत हुता?" नाही, खवलं होती. "मग वाम न्हवं, मरळ न्हवं. असला आमच्या पान्यात न्हाई, बाई." कृष्णातचं तोंड पडलं. परत येताना म्हणाला, "ताई, कुठला का मासा असंना. तू आता सूट त्यातनं."

सुटायचं तर त्यांना आहे. मी कशाला सुटू.

७ सप्टेंबर, रविवार

सापडलं. नाव सापडलं.

ग्रहणाचे वेध लागायच्या आत परत ये, अशी आत्यांची ताकीद होती, म्हणून सकाळच्या गाडीनेच कराड गाठलं. स्टँडच्या मागे अमृत म्हणून एकांचं समुद्री मासळीचं दुकान आहे. इंद्रजितची पेटी तिथेही उतरायची. मला ओळखत नव्हते, नाव सांगितल्यावर हातातली सुरी खाली ठेवली. "लय चांगला मानूस हुता," म्हणाले. सगळे हेच म्हणतात.

रविवारची गर्दी होती. तरी एकेक मासा उचलून दाखवायला लागले. ढोमा दाखवला. नाही, तो चपटा. मग बोय. मी दचकलेच, लांबून तसाच दिसतो. पण त्यांनीच बोट ठेवलं. "हिचं डोस्कं बगा, वरनं चपटं. खवलं पैशाएवडी. तुमचा असा हुता?" नाही. तोंड निमुळतं होतं.

"बर्फात आनायचे?"

नाही. ओल्या फडक्यात.

"पोटात काय निगायचं?"

वाळू. आणि तांबडे बारीक किडे, गांडुळासारखे.

ते थांबले. गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिकडे लक्ष नाही. "मुडदुशी," म्हणाले. "तिकडं गावागावाला येगळं नाव हाय, पर मुडदुशीच ती. वैनी, ती बंदरावर न्हाई मिळत. मोठ्या बोटीच्या मालात ती नसतीया. ती खाडीच्या तोंडाला. जितं खाडी समुद्राला लागती ना, तितल्या वाळूत ऱ्हाती. किडं खाती. कडंला वाडीतली मानसं हातानं जाळं टाकून धरत्यात. आपल्या घरापुरतं खात्यात, उरलं तर शेजारी. घाट चढून इकडं कोन आननार! आज धरली की उद्या मऊ पडतीया."

मी विचारलं, धरायला सोपी का?

"छ्या. जाळं आलं की वाळूत घुसती. वरनं बगितलं तर नुसती वाळू. जाळं पुडं गेलं की येती भाईर."

घरी आले. आत्यांना नाव सांगितलं. त्यांनी दोनतीनदा म्हणून बघितलं. वेध लागले होते, स्वयंपाक नव्हता. अंधारात बसून राहिलो दोघी.

१० सप्टेंबर, बुधवार

झोप नाही. डोळे मिटले की वाळू दिसते. हलते.

सरळ लिहून काढते. इंद्रजित म्हणायचे, बंदरावर माल भरतो आणि थेट घाटाला लागतो. मध्ये थांबत नाही, बर्फ जातो. मग ही मुडदुशी कुठून यायची? खाडीच्या तोंडाला जायचं तर बंदराची वाट सोडून वाकडं जावं लागतं. ती धरल्या धरल्या कुणीतरी हातात दिली असणार. ओल्या फडक्यात गुंडाळून, गाठ मारून.

फडकी. जुन्या लुगड्याची असायची. हिरवं, त्यावर बारीक पांढरी फुलं. मऊ होती म्हणून मी धुऊन पुसायला ठेवायची. वर्षानुवर्षं त्यांनी घर पुसलं. कुणाचं लुगडं ते, कधी मनात आलं नाही. बाजारातल्या बाईनं दिलं असेल. असेलच. कुणीही देतं.

पूल वर आहे आणि खाडीचं तोंड खाली. वाहून गेलेला माणूस तिकडेच जाणार. तिथल्या माणसांनी काही बघितलं असेल तर? कुणी मातीही दिली असेल. सात वर्षांत कुणी तिथे विचारायलाच गेलं नाही! सगळे पुलावर उभे राहून खाली बघून आले. मीही.

आत्यांना सांगितलं, मासा मीच आणते. अग्नी दिल्यावर दुसऱ्या दिवशी जाते, रात्रीपर्यंत परत. आधी आणला तर टिकत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज अंगणवाडीत खिचडी ढवळताना मासळीचा वास. मुलांना विचारलं. कुणालाच येत नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज इंद्रजितला जाळलं.

भाऊसोने पळसाची पानं आणली होती. माळावर अंथरून त्यांचा माणूस केला. हात, पाय, नारळाचं डोकं. मला वाटलं होतं पोरखेळ वाटेल. तसं वाटेना. आत्यांनी पेटीतून निळ्या चौकड्याचा शर्ट काढून आणला आणि त्यावर पांघरला. तेव्हा ते कुणीतरी झालं. उंचीही तेवढीच दिसायला लागली. एक बाही वाऱ्याने हलत होती, ती आत्यांनी नीट केली. जिवंत मुलाची करतात तशी.

पानं ओली. पेटेनात. नुसता धूर. भाऊसोला ठसका लागला, रडतोय की खोकतोय कळेना. मग एकदम भडकलं आणि नारळ फुटला. सगळ्यांनी माना वळवल्या. आत्या तेवढ्या बघत राहिल्या.

नंतर बायकांनी मला आत नेलं. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र. मनगटाला काच लागून रक्त आलं. ते बघून बरं वाटलं. दिवसभरात तेवढंच काहीतरी खरं होतं.

संध्याकाळी भावकी कुजबुजायला लागली. सुतकात बाई एकटी कोकणात जाणार! पांढऱ्या कपाळाची! आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "ल्योक माजा हाय. सुतक माजं मी बगते. जाऊ द्या तिला." भाऊसो पहाटे मोटारसायकलवरून कराडला सोडणार आहे.

आरशात बघितलं. कोण आहे ही?

१७ सप्टेंबर, बुधवार

मासे मिळाले. बर्फात ठेवलेत. आत्यांनी विचारलं, "त्येच हायत का?" म्हटलं, तेच.

आज एवढंच. हात चालत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मासे मी हळद-मिठात शिजवले. आत्या म्हणाल्या, "तिकाट घाल की. त्येला तिकाट लागायचं." मी म्हटलं, हा मासा असाच करतात. "कुनी सांगितलं?" म्हटलं, तिथल्या माणसांनी.

पान मांडलं. मधोमध मुडदुशी. सगळे बाभळीखाली जाऊन बसलो. कृष्णातही आला होता. कावळे आले, चांगले पाचसहा. एक तर अगदी पानाशी येऊन बसला. मान वाकडी करून माशाकडे बघितलं. उडाला.

भाऊसो पुढे गेला, हात जोडून म्हणाला, "दादा, आईचं मी बगतो. तू काळजी करू नगंस." नाही. चुलत सासरे गेले, "शेताचा बांध तुज्या मनासारका घालतो, गड्या." नाही. ऊन चढलं. मटणावर माश्या बसल्या. कृष्णात म्हणाला, "भावजी, ताईला मी पलूसला नेतो, सुकात ठिवतो." कावळे बाभळीवर ओळीने बसलेले. खाली कुणी उतरेना.

मग आत्या उठल्या. चालवत नव्हतं, तरी कुणाचा हात घेतला नाही. पानापुढे बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या की आम्हाला ऐकू येऊ नये. पण वारा आमच्याकडे होता. "तुला मारलं हुतं ते इसर. शाळंतनं पळून आलास तवा. लय मारलं. खा रं बाळा."

मला ऐकवेना. कान झाकून घेतले.

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, तुजंच राहिलंय काय तरी. जा, बोल." गेले. पानापुढे उभी राहिले. मुडदुशीचे डोळे पांढरे झाले होते. काय बोलायचं? शेवटी म्हटलं, "आता मोकळे व्हा." मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक कावळा ओरडला आणि सगळेच उडाले, टेकडीपलीकडे गेले.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. शास्त्रात चालतं म्हणाले. आत्यांनी मान वर केली. "गवताचा कावळा! माज्या ल्योकाला गवात चारता व्हय?"

मासे तिथेच राहिले. मुंग्या लागल्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आत्या जेवल्या नाहीत. काल रात्रीही नाही. "त्येनं खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ."

२० सप्टेंबर, शनिवार

आजही नाही. घोट घोट चहा. भाऊसोने ताट पुढे धरलं, रडला, चिडला, ताट आपटलं. त्यांनी सांडलेला भात बोटांनी गोळा केला आणि परत ताटात ठेवला.

मला विचारतात, "काय राहिलं असंल गं त्येचं? तू बायकू हाईस. तुला ठावं असंल." मी कणगीकडे बघत राहते. मीही जेवत नाही नीट, पण माझं कारण वेगळं आहे.

रात्री त्यांनी उंबऱ्यात ताट वाढून ठेवलं. भाकरी, कांदा, पाण्याचा तांब्या. मी ते बघू शकत नाही. इतक्या वर्षांत घरात भूत वाटलं नाही, ते आता वाटतंय. आणि ते दारात नाही. माझ्या पोटात आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आत्यांना चक्कर आली. वडूजला नेऊन सलाईन लावून आणलं. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर मी काय करू, वय बघा. गाडीत माझ्या मांडीवर डोकं होतं. पिसासारखं हलकं. डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी गेल्यावर त्येला वाटंतच गाठीन. आन इचारीन, काय पायजे हुतं."

भाऊसो पुढच्या सीटवरून म्हणाला, "वैनी, तू तरी काय कर की."

२२ सप्टेंबर, सोमवार

आज आत्यांनी चहाही परत केला. भाऊसो शेतावर गेल्यावर दार लावलं आणि सांगून टाकलं.

खाडीच्या तोंडाशी वाडी आहे. पहिल्याच अंगणात एक माणूस जाळं झटकत होता. मी काय बोलणार? "मुडदुशी आहे का?" एवढंच विचारलं. इंद्रजितने मान वर केली. माझ्या कपाळाकडे बघितलं, मग कितीतरी वेळ हातातल्या जाळ्याकडे. मागे ओटीवर एक बाई मासळीला मीठ लावत होती, तिच्या पदराला धरून पोरगी उभी. मी का म्हणून विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. खाली बसून खवलं काढली, पोट धुतलं, वाळू राहू दिली नाही. देताना म्हणाला, "आईला हळद-मिठात कर. मधला काटा ओढून काढ, मग दे."

आत्या भिंतीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता संपल्याच.

मग म्हणाल्या, "वाळलाय का गं?"

म्हटलं, नाही. चांगला आहे.

उठून बसल्या. केस मागे सारले. "भाकरी आन," म्हणाल्या.